पाठ टेकल्यावर

तालमीत गेल्यावर पहिलं काय शिकवलं असेल तर पडायला. डाव नंतर. तोंडावर पड, पोटावर पड, कुशीवर पड, दात गेला तर जाऊ दे, पण पाठ लावायची नाही. पाठीला माती लागली की विषय संपला. मी नववीत असताना शेजारच्या गावच्या जत्रेत पन्नास रुपयांच्या कुस्तीत चितपट झालो होतो, आणि मला त्या कुस्तीतलं काही म्हणजे काही आठवत नाही, एवढंच आठवतं की उठल्या उठल्या पाठ न झाडता तसाच शर्ट घातला, कारण झाडायला लागलो असतो तर लोकांनी पाठ बघितली असती. रात्री आईने शर्ट धुवायला घेतला तर आतून लाल. काही बोलली नाही. दोन पाण्यातून काढला फक्त.

हे एवढं सांगायचं कारण म्हणजे गेल्या वर्षीचे जवळजवळ दहा महिने मी पाठीवर काढले. आधी हॉस्पिटलात, मग घरी, मग मॅटवर.

पुण्यात नोकरीला आल्यावर कुस्ती सुटली. हिंजवडीतून सुटून पेठेतल्या तालमीत पोचेपर्यंत तालमीतली पोरं जेवून झोपलेली असतात. मग घराजवळ जिउ जित्सूची अकॅडमी सापडली, रात्री साडेआठची बॅच, तिथे जायला लागलो. गावाकडे सांगताना 'जपानी कुस्ती' म्हणून सांगतो, अगदीच चूक नाहीये ते. मित्सुयो माएदा नावाचा जपानी जुदोवाला १९१४ मध्ये ब्राझीलला पोचला, त्याच्याकडून ग्रेसी घराण्यातला कार्लोस शिकला, आणि त्याच्या धाकट्या भावाने, एलियोने, अंगात फार ताकद नसलेल्या माणसाला खाली पडून कसं लढता येईल यावर आयुष्य घातलं. खाली पडून! म्हणजे आमच्याकडे जिथे हलगी थांबते तिथून ह्यांचं सुरू होतं. पाठीवर पडायचं, समोरच्याला दोन पायांच्या मध्ये अडकवायचं आणि तिथून त्याचा गळा आवळायचा नाहीतर हात अडकवायचा. ह्याला गार्ड म्हणतात.

मी दोन वर्षं गार्ड शिकलोच नाही. खरं सांगतो, शिकायचाच नव्हता. पहिल्या दिवसापासून समोर येईल त्याला दुहेरी पट काढून, म्हणजे दोन्ही पाय धरून, खाली घ्यायचो, वर बसायचो, आणि बाकीचं वजनावर चालायचं. आयटीतली पोरं बिचारी, त्यांनी कधी कोणाची मान धरली नव्हती. कोच सारखा म्हणायचा, आज तू खाली बस, वरून खेळू नकोस. मी हो म्हणायचो, बसायचो, आणि दहा सेकंदांत उठून परत पट. पाठ खाली गेली की अंगात कुठेतरी नववीतला पोरगा उठून शर्ट शोधायला लागायचा.

मग मार्चमध्ये एका मंगळवारी ढाक मारायला, म्हणजे वळून फेकायचा कुस्तीतला डाव टाकायला, फिरलो. मातीत पाय सरकतो, मॅटवर चिकटतो, हे मला माहीत होतं पण अंगाला माहीत नव्हतं. डावा पाय जागेवर राहिला, बाकीचा मी फिरलो, आणि वरून अठ्ठ्याऐंशी किलोचा गडी बाहेरच्या बाजूने गुडघ्यावर आला. दुखलं म्हणाल तर तेवढं नाही. पाण्यात बोट मोडावं तसा आतल्या आत एक आवाज, आणि मी उठून उभा राहिलो तर गुडघा स्वतःचा स्वतः बाजूला गेला, ड्रॉवर सरकतो तसा.

पुढचे तीन आठवडे मी वाया घालवले, हे कबूल करून टाकतो. सूज उतरली, चालता यायला लागलं, म्हणून गावाकडे जाऊन हाड बसवणाऱ्याकडून तेल लावून घेतलं, पट्टा बांधला. तालमीत वाढलेल्या माणसाचा मालिशवर जेवढा विश्वास असतो तेवढा देवावर नसतो, आणि मुरगळलं-लचकलं असेल तर त्या हातांना गुण असतोही. पण तुटलेली दोरी चोळून जुळत नाही. एमआरआय काढला तेव्हा एसीएल, म्हणजे गुडघा जागेवर धरणारं आतलं लिगामेंट, पूर्ण तुटलेलं आणि मेनिस्कसला, म्हणजे सांध्यातल्या गादीला, चीर. एप्रिलच्या शेवटी ऑपरेशन झालं.

तेव्हापासून व्हॉट्सॲपवर सगळ्यांनी मला पैलवान विनेश फोगाटचे फोटो पाठवायला सुरुवात केली. २०१६ ला रिओ ऑलिम्पिकमध्ये तिला स्ट्रेचरवरून नेलं, तोच गुडघ्याचा प्रकार, आणि २०१८ ला जकार्तात एशियाडचं गोल्ड. मग २०२३ च्या ऑगस्टमध्ये पुन्हा एसीएलचं ऑपरेशन आणि वर्षभरात पॅरिसला फायनलपर्यंत, पुढे वजन शंभर ग्रॅम जास्त भरलं आणि काय झालं ते सगळ्यांना माहितीच आहे. दुसरा फोटो बजरंग पुनियाचा, टोकियोत दुखऱ्या गुडघ्याची पट्टी काढून ब्राँझची कुस्ती मारली तो. हे सगळं वाचून उर भरून येतो, पण भाऊ, त्यांच्या मागे एक अख्खी टीम असते आणि माझ्या मागे होमलोनचा हप्ता. मला उलट आपले खाशाबा आठवायचे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव, १९४८ ला लंडनला सहावे आले, १९५२ ला हेलसिंकीत ब्राँझ, आणि पुढचं ऑलिम्पिक गुडघ्यानेच हुकवलं. त्या काळी ना एमआरआय ना दुर्बिणीतून ऑपरेशन. माझ्यासारख्या हौशी गड्याला आज जे सहज मिळतं ते त्यांना मिळालं असतं तर, असं पडल्या पडल्या वाटत राहायचं. पडल्या पडल्या माणूस काय काय विचार करतो.

ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी फिजिओने गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवली आणि म्हणाली, मांडी आवळा, टॉवेल खाली दाबा. मी आवळली. म्हणजे मी आवळली असं मला वाटलं. मांडी तशीच, थंड भाकरीसारखी पडून. मी मांडीकडे बघतोय, मनातल्या मनात ओरडतोय, आणि ती ढिम्म. हजार बैठका मारलेली मांडी होती ती! फिजिओ म्हणाली असं होतं, सांध्यात सूज असली की मेंदू स्वतःच त्या स्नायूचा स्विच बंद करतो, आपण फक्त परत परत दाबत राहायचं. चौथ्या दिवशी गुडघ्याच्या वाटीच्या वर, आतल्या बाजूला, कातडीखाली उंदीर हलावा तेवढं काहीतरी हललं. बायकोला हाक मारून दाखवलं. ती पोळ्या टाकून आली, बघितलं आणि म्हणाली, कुठे?

दुसरं म्हणजे घरात मांडी घालून बसणं बंद, भारतीय संडास बंद, गावी जायचं तर खुर्चीसारखं स्टँड गाडीच्या डिकीत टाकून न्यायचं. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी, हे मी महिनाभर मंत्रासारखं पुटपुटत जिना केला. आणि खुराक मात्र कमी झाला नव्हता, त्यामुळे सहा किलो वाढले. गुडघ्यावर सहा किलो म्हणजे काय हे फिजिओने ज्या आवाजात सांगितलं तो आवाज अजून कानात आहे.

सहाव्या आठवड्यात अकॅडमीत जाऊन भिंतीला टेकून बसायला लागलो. घरी बसून करणार काय? कोचने वही दिली आणि सांगितलं, सगळं बघू नकोस, एका वेळी एकच बघ, आज फक्त खालच्या माणसाचे हात. तालमीतही वस्ताद मातीच्या हौद्याच्या कट्ट्यावर काठी घेऊन बसायचे आणि चार जोड्या एकदम खेळत असताना तिसऱ्या जोडीतल्या पोराला नेमकी शिवी बसायची, ते कसं दिसायचं त्यांना हे मला तेव्हा कळायचं नाही. आता कळायला लागलं. खेळणाऱ्याला समोरच्याचं तोंड दिसतं आणि कडेला बसलेल्याला मधली मोकळी जागा. मी आठ दिवस फक्त हात बघितले, आणि मग लक्षात आलं की गार्ड मोडतो तो पायांमुळे नाहीच. खालच्या माणसाचं कोपर बरगडीपासून सुटतं, त्या फटीत वरच्याचा हात घुसतो, तिथेच काम झालेलं असतं. पाय नंतर पडतात, ते नुसतं दिसायला.

आमच्या बॅचला एक इंजिनिअरिंगची मुलगी आहे, पन्नास-बावन्न किलोची असेल. दोन वर्षांत मी तिच्याकडे नीट बघितलंच नव्हतं, कारण तिच्यासोबत राऊंड म्हणजे आराम असं माझं गणित. आता कडेला बसून बघतो तर नव्वद किलोचे गडी तिच्या गार्डमध्ये पाच पाच मिनिटं अडकून घामाघूम. हात गळ्याजवळ, दुसरा हात कंबरेला, कोपरं आत, आणि गडी पुढे आला की ती त्याला ढकलत नाही, स्वतः मागे सरकते. पोत्यावर पोतं टाकलं की खालचं पोतं दबतं, पण खाली बांबू उभा असेल तर? तसं. ह्याला ते फ्रेम म्हणतात. आपली हाडं वापरायची, स्नायू नाही. माझ्या वहीत तिची पाच पानं आहेत.

आता एक माती खाल्ली ते सांगतो. अडीच महिने झाले, दुखायचं थांबलं, पाय सरळ, चाल सरळ. आणि हीच वेळ फसवी असते. माझा नवा लिगामेंट माझ्याच मांडीमागच्या स्नायूच्या दोरीतून काढून बसवलेला, आणि असा ग्राफ्ट साधारण दीड ते तीन महिन्यांच्या काळात सगळ्यात कच्चा असतो, नेमकं तेव्हाच माणसाला बरं वाटायला लागतं. फिजिओने हे तीनदा सांगितलं होतं. तरी एका नव्या पोराला पट चुकीचा मारताना बघितलं आणि राहवलं नाही, म्हटलं असा नाही रे, असा, आणि अर्धा पट मारून दाखवला. रात्री गुडघा नारळाएवढा. ग्राफ्ट वाचला, पण दहा दिवस परत टॉवेलवर. कोच काही बोलला नाही, वही मात्र मागून घेतली आणि दोन आठवडे दिली नाही. ते जास्त लागलं.

त्याच काळात फिजिओने उजव्या पायावर भरपूर काम लावलं. मला वाटायचं चांगल्या पायाला कशाला, तर ती म्हणाली एका पायाला ताकदीचा व्यायाम दिला की बंद पडलेल्या पायाचीही ताकद थोडीफार राखली जाते, स्नायू तोच नसला तरी हुकूम देणारा मेंदू एकच ना. शिवाय हातांना तर कोणी अडवलं नव्हतं. आपल्याकडे मल्लखांब कशासाठी आला? पेशवाईच्या शेवटच्या काळात, दुसऱ्या बाजीरावाच्या वेळी, बाळंभट दादा देवधरांनी तो रुजवला असं सांगतात, आणि मुळात तो कुस्तीगिराचाच खांब. समोर जोडीदार नसला तरी पकड, पीळ, सुटका घटवता यावी म्हणून. मला खांब जमणार नव्हता, पण दारावरच्या दांडीला जुना कुर्ता बांधून त्याच्या बाह्या धरून लोंबकळत राहायचो. शेजारच्या काकूंनी एकदा दारातून बघितलं आणि बायकोला हळूच विचारलं, सगळं ठीक आहे ना घरी.

गणपतीला गावी गेलो तेव्हा साडेचार महिने झाले होते. सकाळी तालमीत गेलो, तीच माती, तेल-ताक-हळदीचा तोच आंबूस वास, कट्ट्यावर तेच वस्ताद, फक्त काठी आता आधाराला. म्हणाले, "काय रं, पाय मोडून आलास म्हनं?" मी सगळं सांगितलं, लिगामेंट, ग्राफ्ट, नऊ महिने. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पाय गेलाय न्हवं? हात हाईत की. बस जा हौद्यात."

बसलो. डावा पाय बाजूला सरळ टाकून, ढुंगणावर, हौद्याच्या मधोमध. (फिजिओला नंतर सांगितलं, तिने कपाळावर हात मारून घेतला.) चौदा-पंधरा वर्षांची पोरं एकेक करून समोर गुडघ्यावर बसायला लावली आणि नुसती हातांची खडाखडी. पाय नाही, डाव नाही, पाडापाडी नाही. पहिल्या पोराने माझं मनगट धरलं, मी त्याचं धरलं, नुसती ओढाओढ. वस्ताद वरून म्हणाले, "मनगट धरून काय हुतंय? मनगट पळतंय. कोपर धर, कोपर कुठं पळतंय?" कोपराच्या आत, दंडाच्या खाली अंगठा घातला आणि पोराचा अख्खा हात माझ्या बोटांवर आला. वळवला की खांदा वळतो, खांदा वळला की मान. तासभर तेच. पुण्यात वहीत आठ दिवस लिहिलेलं, कोपर बरगडीपासून सुटलं की काम झालं, तेच ह्या माणसाने एका ओळीत सांगितलं होतं, आणि बहुतेक मी दहावीत असतानाही सांगितलं असणार. तेव्हा माझे पाय चांगले होते, म्हणून ऐकलं नसेल.

ऑक्टोबरपासून कोचने मॅटवर घेतलं, पण अटी घालून. उभं राहून काही नाही. पार्टनर कोच ठरवणार. डाव्या पायाने आवळायचं नाही, अडकवायचं नाही, पीळ बसेल असं काहीच नाही. म्हणजे उरलं काय, तर पाठ. पाठ, दोन हात आणि उजवा पाय. पहिलाच राऊंड त्या बावन्न किलोवाल्या मुलीबरोबर, ती वर, मी खाली. तिने तीन मिनिटांत मला चार वेळा टॅप करायला लावलं. कुस्तीत टॅप नसतो. हरायचं तर दुसऱ्याने हरवायचं, आपण होऊन थोपटून 'सोड' म्हणायची सवय नाही, त्यामुळे पहिल्या वेळी मी उशीर केला, तर तिनेच हात सोडला आणि म्हणाली, "दादा, लवकर थोपटत जा हो, उद्या पण खेळायचंय ना."

हळूहळू पाठीची भीती गेली. एकदम नाही. आधी अर्धा मिनिट थांबता यायला लागलं, मग एक. खाली असताना श्वास चालू ठेवता यायला लागला, ही माझ्यासाठी मोठी बातमी होती, कारण आधी पाठ टेकली की मी श्वासच धरायचो. उजवा पाय एकटाच असल्याने मी कायम एकाच कुशीवर, एकाच बाजूला खेळायचो, उजव्या गुडघ्याची ढाल पुढे करून. त्या एका बाजूचं इतकं काम झालं की डिसेंबरात लोक ती बाजू टाळायला लागले. आणि एक गंमत सांगू का, मांडीमागची ती दोरी काढून घेतल्याने माझी डावी टाच आजही जोरात ओढली जात नाही, शेवटच्या थोड्या कोनात ताकद लागतच नाही. ज्या डावांना ती टाच लागते ते मी सोडून दिलेत. परत येतील का विचारलं तर फिजिओ खांदे उडवते.

ह्या सगळ्यात वस्तादांचीच एक जुनी गोष्ट मला वेगळी दिसायला लागली. तालमीत गामा पैलवानाचा फोटो असायचा, आणि पाऊस पडून मैदान रद्द झालं की ते झबिस्कोची गोष्ट सांगायचे. १९१० चं लंडन. गामासमोर पोलंडचा झबिस्को, आणि हा गडी खाली गेला तो मॅटला चिकटूनच बसला, अडीच तासांच्या वर. गामाला त्याची पाठ लावता आली नाही, कुस्ती बरोबरीत सुटली, पुढच्या आठवड्यात परत ठरली तर झबिस्को आलाच नाही. १९२८ ला पतियाळात दोघं परत लढले तेव्हा गामाने मिनिटभरही घेतलं नाही. आम्ही पोरं झबिस्कोला हसायचो, भित्रा म्हणायचो. आता वाटतं, अडीच तास? गामाच्या खाली? त्या माणसाला खाली राहण्यातलं काहीतरी कळत होतं. अर्थात हे मी वस्तादांना सांगणार नाही.

जानेवारीच्या शेवटी नऊ महिने पूर्ण झाले, टेस्ट झाल्या, उड्या मारून दाखवल्या, परवानगी मिळाली. तो अठ्ठ्याऐंशी किलोवाला गडी बिचारा वर्षभर माझ्यासमोर ओशाळल्यासारखा वावरायचा. पहिला मोकळा राऊंड मी त्याच्याशीच मागितला. हात मिळवला आणि मी आपण होऊन खाली बसलो. त्याला कळेचना. कोच कोपऱ्यातून हसला. सहा मिनिटं खेळलो, मी ना जिंकलो ना त्याला मला दाबता आलं, शेवटच्या मिनिटात एकदा त्याला पलटवला, पण वर येऊन बसायच्या आत वेळ संपली. कोणीतरी मोबाईलवर शूट केलं होतं.

तो व्हिडिओ परवा जत्रेला गावी गेलो तेव्हा वस्तादांना दाखवला. त्यांनी चष्मा लावला, मोबाईल लांब धरला. पहिल्याच सेकंदाला मी खाली बसतो ते बघून म्हणाले, "हरलास की रं." मी समजावायला लागलो की वस्ताद, ह्या खेळात तसं नसतं, पाठ लागली तरी चालू राहतं, उलट... त्यांनी हात करून मला गप्प केलं. बघत राहिले. बाहेर हलगी सुरू झाली होती, पोरं लंगोट कसत होती, कोणीतरी हाक मारली तरी उठले नाहीत. व्हिडिओ संपला तर म्हणाले, परत लाव. मी लावला. चौथ्या मिनिटाला त्यांनी जाड अंगठा स्क्रीनवर ठेवला, त्यामुळे व्हिडिओ थांबला की पुढे पळाला ते त्यांना कळलं नाही.

"हितं," ते म्हणाले. "हितं त्याचं कोपर मोकळं हाय बघ. तू कुठं बघतुयास?"

मी मागे घेऊन परत लावला.